अठरा वाटा: लंडनच्या दोन टर्मिनलमधल्या गर्दीचा माग

किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसहून वॉटर्लूला भुयारी रेल्वेने जायचं, तर थेट गाडी नाही. दोन्ही लंडनची मोठी टर्मिनल. एकीकडे उत्तरेहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या संपतात आणि शेजारच्या सेंट पँक्रसला २००७ पासून युरोस्टार येते. दुसरीकडे सकाळी नैर्ऋत्येच्या उपनगरांतून माणसांचे लोंढे येऊन पडतात. मधे सगळं मध्य लंडन आणि थेम्स. किंग्ज क्रॉसला भुयारी रेल्वेच्या सहा लाइन, वॉटर्लूला चार. नॉर्दर्न लाइन दोन्हीकडे आहे, म्हणून नवखा माणूस खुशीत येतो. पण मध्य लंडनमध्ये तिचे दोन फाटे होतात. किंग्ज क्रॉस एका फाट्यावर आणि वॉटर्लू दुसऱ्यावर.

तेव्हा वाटेत कुठेतरी गाडी बदलायचीच. व्हिक्टोरिया लाइनने ऑक्सफर्ड सर्कसला जाऊन बेकरलू लाइन पकडा, किंवा आणखी एक स्टेशन पुढे ग्रीन पार्कला जाऊन ज्युबिली. वॉरन स्ट्रीटला उतरून नॉर्दर्नचा बरोबर फाटा धरता येतो. पिकॅडिली लाइनने गेलात, तर लेस्टर स्क्वेअरला नॉर्दर्न किंवा पिकॅडिली सर्कसला बेकरलू. नॉर्दर्नच्या बँक फाट्याने खाली गेलात, तर बँकला वॉटर्लू अँड सिटी किंवा लंडन ब्रिजला ज्युबिली. सहज आठवल्या त्याच सात झाल्या.

आता स्टेशन चालवणाऱ्याच्या बाजूने बघा. प्रवाशाने किंग्ज क्रॉसच्या गेटवर कार्ड टेकवलं, वॉटर्लूच्या गेटवर पुन्हा टेकवलं. २००३ साली ऑयस्टर कार्ड आलं, २०१४ पासून बँकेचं कार्डही चालू लागलं, त्यामुळे या दोन नोंदी अचूक वेळेसह हातात असतात. पण मधे काय झालं? वरच्या सगळ्या वाटा पहिल्या झोनमधल्या, भाडं एकच, म्हणजे कापलेल्या पैशावरूनही वाट ओळखता येत नाही. हा माणूस ऑक्सफर्ड सर्कसच्या बोळात धक्के खात होता की लंडन ब्रिजच्या फलाटावर, गेटला काही पत्ता नाही.

हे प्रकरण निवडायचं कारण तेच. टर्मिनलवरची वाहतूक मोजणं म्हणजे दारावर आकडे टिपणं, असा आपल्या धंद्यातल्या बऱ्याच जणांचा समज असतो. दारावरचे आकडे हवेतच. पण मोजणी आणि माग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजणीला कुणाच्या नावाशी देणंघेणं नसतं. किती गेले एवढं कळलं की काम भागतं. मागाला मात्र नाव लागतं. इथे दिसलेली वस्तू आणि तिथे दिसलेली वस्तू एकच, असं म्हणता आलं पाहिजे. लंडनची वाहतूक सांभाळणाऱ्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडनने, म्हणजे टीएफएलने, २०१६च्या हिवाळ्यात चार आठवडे जो प्रयोग केला, तो या नावाच्या शोधाचा होता.

आधी काय चालत होतं

जुनी पद्धत कागदी. टीएफएलची वर्षानुवर्षं चालत आलेली एक पाहणी होती: स्टेशनवर प्रवाशांना फॉर्म द्यायचे, त्यांनी कुठून निघालो, कुठे चाललो, कुठे गाडी बदलली ते लिहून परत पाठवायचं. तिला हसायचं कारण नाही. प्रवासाचा हेतू, घर ते स्टेशन कसा आला, वाट का निवडली, हे आजही विचारूनच कळतं. कुठलंही यंत्र ते सांगत नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. फॉर्म भरणारा माणूस मुळात सवड असलेला. सकाळी साडेआठला जिन्यावरून धावणारा फॉर्म खिशात कोंबतो आणि विसरतो. शिवाय माणूस आपली नेहमीची वाट लिहितो, त्या दिवशीची नाही. परवा लाइन बंद होती म्हणून वळसा घेतला, हे त्या कागदावर क्वचितच उतरतं.

दुसरी पद्धत हाताने मोजायची. बोळाच्या तोंडाशी माणूस उभा, हातात टॅली काउंटर, दर माणसामागे अंगठ्याने एक टिक, दर १५ मिनिटांनी आकडा तक्त्यात. हे काम ज्याने केलंय त्याला ठाऊक असतं की गर्दी अंगावर आली की अंगठा मागे पडतो, आणि मग मोजणारा मनाशीच पाचाचे गट करून अंदाजाने दाबायला लागतो. म्हणजे आकडा जिथे सगळ्यात जास्त हवा, नेमका तिथे तो सगळ्यात कच्चा. डोक्यावर बसवलेले इन्फ्रारेड किंवा कॅमेऱ्याचे काउंटर दमत नाहीत, पण खांद्याला खांदा लावून चाललेल्या दोघांना एक धरण्याची खोड त्यांनाही असते. आणि कितीही चांगला काउंटर बसवला, तरी तो या जिन्यावरून किती उतरले एवढंच सांगणार. उतरलेल्यांपैकी कोण कुठल्या फलाटावर गेलं, हे तो सांगू शकत नाही.

टर्मिनलच्या आतल्या गर्दीचं गणित तसं सोपं आहे. रांगांच्या शास्त्रात एक नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली: आत असलेली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा सरासरी वेळ. समजा, एका फलाटावर मिनिटाला १२० माणसं येतायत आणि प्रत्येक जण सरासरी ४ मिनिटं थांबतोय. फलाटावर कुठल्याही क्षणी ४८० माणसं असणार. गाड्या जरा लांबल्या, थांबणं ५ मिनिटांवर गेलं, की ६००. दारावर एक माणूससुद्धा जास्त आलेला नाही आणि फलाट मात्र पाव पटीने जास्त भरला. गेटचा आकडा या गुणाकारातली एकच बाजू देतो. वेळेची बाजू मिळवायची, तर तोच माणूस आत येताना आणि बाहेर पडताना ओळखायला हवा.

कंटेनरचं बरं असतं

इथे जरा मालवाहतुकीच्या टर्मिनलकडे वळतो, कारण तिथे नावाचा प्रश्न फार पूर्वी सुटला.

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघालं, डेकवर ५८ कंटेनर घेऊन. पेट्या प्रमाणित झाल्या, आणि पुढे प्रत्येक पेटीला अंगावर रंगवलेलं एक जगभर चालणारं नाव मिळालं. आयएसओ ६३४६ हे त्याचं प्रमाण: मालकाची तीन अक्षरं, प्रकाराचं एक अक्षर, सहा आकडी क्रमांक आणि शेवटी चौकटीत एक पडताळा-अंक. या पडताळा-अंकाची गंमत बघण्यासारखी आहे. सीएसक्यूयू ३०५४३८३ हा नेहमी उदाहरणाला घेतला जाणारा क्रमांक घ्या. अक्षरांना ठरलेल्या किमती असतात: सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. मग डावीकडून पहिल्या चिन्हाला १ ने, पुढच्याला २ ने, मग ४, ८, १६ असं दुप्पट करत दहाव्या चिन्हाला ५१२ ने गुणायचं. बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागलं की बाकी ३. पेटीवर शेवटी ३ च रंगवलेला आहे, म्हणजे क्रमांक बरोबर वाचला. गेटवरच्या कॅमेऱ्याने चिखलाच्या शिंतोड्यामुळे ८ चा ३ वाचला, तर बाकी जुळत नाही आणि नोंद तिथल्या तिथे बाजूला पडते.

त्यामुळे यार्डात पेटी कधी आली, कुठल्या रांगेत ठेवली, किती वेळा हलवली, किती दिवस पडून राहिली, सगळं त्या एका नावाला बांधलेलं असतं. मालाच्या टर्मिनलमधला माणूस ‘पेटी कुठून गेली ते ठाऊक नाही’ असं म्हणाला, तर त्याची नोकरी जाईल. प्रवासी टर्मिनलमधला माणूस हेच वाक्य रोज म्हणतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

अर्थात मालवाल्यांकडेही एक आंधळा कोपरा आहे. ट्रकचा फेरा मोजतात तो गेटच्या आत शिरल्यापासून गेटच्या बाहेर पडेपर्यंत. बाहेर रस्त्यावर ट्रक दोन तास उभा असला, तरी अहवालात फेरा ४० मिनिटांचा दिसू शकतो, कारण घड्याळ चालू होतं ते गेटवर. ड्रायव्हर आणि टर्मिनल यांच्यात कायमची खडाखडी होते ती यावरूनच, आणि दोघेही आपापल्या परीने खरंच बोलत असतात. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुन्हा लागणार आहे.

उसनं नाव

माणसाच्या पाठीवर क्रमांक रंगवता येत नाही. पण २०१६ पर्यंत बहुतेकांच्या खिशात एक क्रमांक आपोआप आलेला होता. २०१२च्या ऑलिंपिकच्या तोंडावर लंडनच्या भुयारी स्टेशनांवर वाय-फाय बसायला सुरुवात झाली होती. बोगद्यांत नाही, स्टेशनांवर: तिकीट हॉल, बोळ, फलाट. ते बसवलं प्रवाशांच्या सोयीसाठी, मोजणीचा विचार नंतरचा. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण टर्मिनलवर सगळ्यात स्वस्त पडणारी मोजणी बहुधा अशीच, दुसऱ्या कामासाठी बसवलेल्या यंत्रावर फुकटात स्वार होऊन आलेली असते. ऑयस्टरसुद्धा भाडं कापायला आलं होतं, गर्दी मोजायला नव्हे.

फोनचं वाय-फाय चालू असलं, की तो दर थोड्या वेळाने हाक मारतो: आसपास कुणी आहे का? त्या हाकेत त्याचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख-क्रमांक, असतो, १२ चिन्हांचा, ४८ बिटांचा. पहिली अर्धी चिन्हं फोन बनवणाऱ्याची, उरलेली त्या एका फोनची. ही हाक जवळच्या अॅक्सेस पॉइंटला, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या यंत्राला, ऐकू येते. फोनने नेटवर्कला जोडून घ्यायलाच हवं असं नाही. नुसती हाक पुरते. एका अॅक्सेस पॉइंटने ८ वाजून १० मिनिटांनी तिकीट हॉलमध्ये ऐकली, दुसऱ्याने ८.१३ ला फलाटावर, तिसऱ्याने ८.२१ ला वेगळ्याच स्टेशनच्या बोळात. तीन ठिपके जोडले की वाट तयार.

टीएफएलने २१ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर २०१६ या काळात ५४ स्टेशनांवर हे ठिपके गोळा केले. अॅक्सेस पॉइंट सुमारे १,०७० होते. नोंदी आल्या ५० कोटी ९० लाख, फोन आणि इतर उपकरणं ५६ लाख, आणि त्यातून जुळवलेले प्रवास सुमारे ४ कोटी २० लाख.

या आकड्यांवर दडपून जाण्याआधी साधा भागाकार करावा. नोंदींना प्रवासांनी भागलं, तर एका प्रवासामागे साधारण १२ नोंदी. म्हणजे एका माणसाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळून डझनभर ठिपके, तेही सारख्या अंतराने नव्हेत: फलाटावर गाडीची वाट बघताना चार-पाच, चालताना एखाद-दुसरा, बोगद्यात एकही नाही. आणि प्रवासांना उपकरणांनी भागलं, तर चार आठवड्यांत एका फोनमागे साडेसात प्रवास. रोज कामावर जाणारा माणूस चार आठवड्यांत चाळीसच्या आसपास प्रवास करील. म्हणजे ५६ लाखांत नेहमीचे प्रवासी आणि एकदाच येऊन गेलेले पाहुणे यांची मोठी सरमिसळ आहे. ‘५० कोटी नोंदी’ ऐकून जो दबदबा वाटतो, तो ‘प्रवासामागे १२ ठिपके’ म्हटलं की जमिनीवर येतो. पण वाट ओळखायला १२ ठिपके भरपूर झाले. कागदी फॉर्मवर तीन-चारच असायचे.

ठिपके म्हणजे माणसं नव्हेत

यातलं खरं काम ठिपके गोळा झाल्यावर सुरू होतं, आणि अशा अहवालांत त्याला सहसा दोन परिच्छेद मिळतात.

पहिला त्रास जागेवर बसलेल्या उपकरणांचा. स्टेशनातल्या दुकानाचा टॅबलेट, कर्मचाऱ्याच्या खोलीतला प्रिंटर, ड्यूटीवरच्या माणसाचा फोन, हे सगळे हाका मारतच असतात. दिवसभर एकाच ठिकाणी ऐकू येणारी हाक प्रवाशाची नाही, हे ठरवून ती काढावी लागते. किती वेळ थांबला म्हणजे प्रवासी नव्हे? अर्धा तास? मग गाडी चुकलेला, बाकावर डुलकी काढणारा माणूसही त्या चाळणीत जातो. ही मर्यादा कुठे ठेवायची, याला नियम नाही. ती कुणीतरी बसून, ठिपके बघून ठरवतो आणि निकाल त्याच्या त्या निर्णयावर थोडाफार हलतो.

दुसरा त्रास गाडीत बसूनच पुढे गेलेल्यांचा. गाडी स्टेशनात थांबली, दारं उघडली, फोनने हाक मारली, फलाटावरच्या अॅक्सेस पॉइंटने ऐकली. माणूस उतरलेलाच नाही, पण नोंद झाली. फलाटावर दिसला आणि बोळात दिसला तर तो उतरला. फलाटावर दिसून थेट पुढच्या स्टेशनच्या फलाटावर दिसला तर गाडीतच होता. कागदावर हे सोपं वाटतं. जिथे दोन लाइनचे फलाट पाठीला पाठ लावून आहेत, तिथे भिंतीपलीकडच्या अॅक्सेस पॉइंटलाही हाक ऐकू जाते आणि माणूस नेमका कुठल्या लाइनच्या फलाटावर होता, याचा घोळ होतो. अॅक्सेस पॉइंट मुळात सिग्नल चांगला मिळावा म्हणून लावलेले, माणूस शोधावा म्हणून नव्हे. तेव्हा आधी प्रत्येक पॉइंट नकाशावर नेमका कुठे आहे, कुठल्या मजल्यावर, त्याच्या कानात कुठवरचं येतं, हे स्टेशन पालथं घालून बघावं लागतं.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. कुणाकडे दोन फोन आणि लॅपटॉप, कुणाचं वाय-फाय बंद, लहान मुलांकडे फोनच नाही. ठिपक्यांवरून ‘या बोळातून इतके गेले’ असं म्हणता येत नाही. ‘जेवढे दिसले त्यांच्यापैकी इतके टक्के या बोळातून गेले’ एवढंच म्हणता येतं. मग गेटचा पक्का आकडा घ्यायचा आणि त्याची वाटणी या टक्क्यांनी करायची. इथे दारावरचा आकडा आणि आतली वाट एकमेकांच्या उपयोगी पडतात. गेट किती ते सांगतं, फोन कुठून ते. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की फसगत. मोजणीची जाहिरात करणारे पुष्कळ जण नेमकं हेच करतात आणि फोनच्या आकड्याला माणसांचा आकडा म्हणून विकतात.

काय दिसलं

किंग्ज क्रॉस ते वॉटर्लू या जोडीला प्रवाशांनी निदान १८ वेगवेगळ्या वाटा वापरलेल्या दिसल्या. मी वर सात मोजून थांबलो होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळ्यात लोकप्रिय दोन वाटा सोडून इतर वाटांनी जाणारे साधारण ४० टक्के होते. नकाशावर प्रवासी वाटायची जी नेहमीची गणितं आहेत, ती बहुतेकांना सगळ्यात जलद दोन-तीन वाटांवर टाकतात. इथे पाचांतले दोन जण भलत्याच वाटेने चाललेले.

का? फोन ते सांगत नाही, पण अंदाज बांधता येतो. नकाशावर बदली एका ठिपक्याची, पायांखाली ती तीन जिन्यांची असू शकते. जड बॅग असलेला माणूस वेळ वाचवत नाही, पायऱ्या वाचवतो. काही जणांना बसायला जागा मिळणारी गाडी हवी असते, ती उशिरा पोचवली तरी चालते. आणि काही जण निव्वळ सवयीने जातात: पहिल्या दिवशी कुणीतरी दाखवलेली वाट, तीच दहा वर्षं.

याचा उपयोग फक्त नकाशा सुधारायला नव्हता. एखादी लाइन अचानक बंद पडली, तर तिच्यावरची माणसं कुठे वळतात हे आता खरोखर बघता येत होतं. तिकीट हॉलपासून फलाटापर्यंत चालायला किती वेळ लागतो आणि फलाटावर किती वेळ जातो, हे वेगळं काढता येत होतं. ऑयस्टरच्या दोन नोंदींमध्ये हे दोन्ही वेळ एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. लिटलच्या नियमातली वेळेची बाजू हाताला लागली ती अशी. आणि आणखी एक उपयोग, जो टीएफएलने लपवला नाही: कुठल्या बोळातून किती माणसं जातात हे कळलं, की तिथल्या जाहिरातीच्या फलकाची आणि दुकानाच्या गाळ्याची किंमत ठरवता येते. यावर टीका झाली. माझ्या मते हेतू आधीच उघड सांगितला, हे बरं झालं. गर्दीच्या नावाखाली गोळा करून मागच्या दाराने विकलं असतं, तर ते वाईट.

नाव पुसायचं, पण माग ठेवायचा

यातला सगळ्यात अवघड भाग तांत्रिक नव्हता. २०१३ साली लंडनच्याच सिटी भागात एका जाहिरात कंपनीने रस्त्यावरच्या कचरापेट्यांमध्ये यंत्रं बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनच्या हाका टिपल्या होत्या. बातमी फुटल्यावर ते तिथल्या नगरपालिकेने बंद पाडलं. टीएफएलला तोच शिक्का नको होता. म्हणून मोजणीच्या स्टेशनांवर आधीच पाट्या लावल्या: अशी मोजणी चालू आहे, नको असेल तर फोनचं वाय-फाय बंद करा. कुठल्या साइट बघितल्या वगैरे काही टिपलं जाणार नव्हतं.

मॅक पत्ता जसाच्या तसा ठेवायचा नाही, हेही ठरलं होतं. त्याचा हॅश करायचा, म्हणजे एका गणिती घाण्यातून काढून त्याचं असं रूप करायचं की उलट दिशेने मूळ पत्ता मिळू नये. पण नुसता हॅश पुरत नाही, आणि का, ते सांगण्यासारखं आहे. पत्त्याची पहिली अर्धी चिन्हं उत्पादकाची आणि ती जगजाहीर. उरलेल्या २४ बिटांत शक्यता फक्त १ कोटी ६७ लाख. साधा संगणकसुद्धा एवढ्या सगळ्यांचे हॅश काढून यादी बनवील आणि कुठला हॅश कुठल्या फोनचा ते शोधून काढील. म्हणून पत्त्यात आधी एक गुप्त मजकूर मिसळायचा, त्याला सॉल्ट, म्हणजे मीठ, म्हणतात, आणि मगच हॅश. मीठ कुठलं टाकलं हे माहीत नसेल, तर यादी बनवता येत नाही.

तरी पेच उरतोच. माग काढायचा, तर एका फोनला काही काळ एकच टोपणनाव राहायला हवं. आणि टोपणनाव राहिलं की त्याखाली सवयी साठतात. रोज ७.५२ ला एका आडबाजूच्या स्टेशनवर चढून ८.३० ला ठरावीक स्टेशनवर उतरणारा फोन एकच असू शकतो. त्याला शेजारी नावाने ओळखतो, हॅश असो वा नसो. तेव्हा कच्चे ठिपके बाहेर द्यायचे नाहीत, बाहेर जाईल ती फक्त बेरीज, हाच त्यावरचा व्यवहारी तोडगा. कंटेनरच्या बाबतीत हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. पेटीला शेजारी नसतात.

नंतर

८ जुलै २०१९ पासून टीएफएलने ही मोजणी २६० हून अधिक स्टेशनांवर कायमची सुरू केली, पुन्हा पाट्या लावून. चार आठवड्यांचा प्रयोग रोजचं काम झाला.

दरम्यान नाव उसनं असल्याची किंमत दिसायला लागली होती. अॅपलने २०१४ सालीच आयओएस ८ मध्ये हाक मारताना खोटा, बदलता पत्ता वापरायला सुरुवात केली होती. असे पत्ते ओळखता येतात: १२ चिन्हांतलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असलं, की हा कारखान्यातून आलेला पत्ता नाही, फोनने स्वतः बनवलेला आहे. कंटेनरच्या पडताळा-अंकासारखीच ही खूण, फक्त उलट्या कामाची. तो ‘नाव खरं वाचलंय’ असं सांगतो, ही ‘या नावावर भरवसा ठेवू नका’ असं. माग काढायला असे पत्ते निरुपयोगी, कारण पुढच्या बोळात तोच फोन दुसऱ्या नावाने हाक मारतो. नेटवर्कला प्रत्यक्ष जोडलेले फोन तेवढे टिकाऊ ठिपके देत राहिले. २०१९ला अँड्रॉइड १० आणि २०२०ला आयओएस १४ आल्यावर जोडलेला फोनसुद्धा दर नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवू लागला. सगळ्या स्टेशनांवर नेटवर्क एकाच नावाचं असेल, तर तिथल्यापुरता तो पत्ता टिकतो, म्हणून माग अजून लागतो. पण उद्याच्या अपडेटमध्ये तो रोज बदलायचं ठरलं, तर स्टेशनवाल्याला कुणी विचारणार नाही. कंटेनरवरचा रंग असा रातोरात बदलत नाही.

आणि ट्रकच्या घड्याळाचा मुद्दा इथे परत येतो. ऑक्सफर्ड सर्कससारख्या स्टेशनवर संध्याकाळी गर्दी हाताबाहेर जायला लागली, की कर्मचारी काही मिनिटं प्रवेशद्वार बंद करतात. खाली फलाट मोकळा होतो. आतले ठिपके बघणाऱ्याला दिसतं की चालायचा वेळ कमी झाला, थांबायचा वेळ कमी झाला, सगळं सुरळीत आहे. वर फुटपाथवर लोखंडी जाळीसमोर माणसं उभी असतात. ती गेटपर्यंत पोचलेली नाहीत, म्हणून कार्डाची नोंद नाही; तिकीट हॉलच्या अॅक्सेस पॉइंटपर्यंत हाक पोचत नाही, म्हणून ठिपका नाही. जाळी उघडल्यावर ती आत येतात, कार्ड टेकवतात, आणि त्यांचा प्रवास तिथून सुरू झाला असं लिहिलं जातं.